वर्णद्वेषात आधी ‘वर्ण’ आला की ‘द्वेष’? व्हर्जिनियाचे कायदे आणि वंशाची घडण

काठावरची (धागाकर्ती)

गेली पंधरा वर्षे मी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहरात राहते. येथून गाडीने तासाभराच्या अंतरावर जेम्स नदीकाठी जेम्सटाउन आहे. इंग्रजांनी १६०७ मध्ये वसवलेल्या त्या वसाहतीचे अवशेष पाहायला मी अनेकदा गेले आहे आणि दर खेपेस वसाहतीच्या जुन्या कायद्यांविषयी थोडे अधिक वाचून परतले आहे. या धाग्यात मला जे मांडायचे आहे ते त्या वाचनातून आलेले आहे.

मराठीत आपण वर्णद्वेष, वंशवाद आणि वंशभेद असे तीन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. ‘वर्णद्वेष’ म्हटले की त्यातला ‘द्वेष’ हा शब्द आपले लक्ष माणसाच्या मनाकडे वळवतो आणि कोणीतरी कोणाचा तिरस्कार करतो एवढ्यावर विषय संपल्यासारखा वाटतो. ‘वंश’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. सूर्यवंश, यदुवंश, वंशावळ, वंशाचा दिवा अशा शब्दांत वाढलेल्या आपल्या कानांना वंश म्हणजे रक्ताने चालत आलेली, माणसाच्या हातात नसलेली गोष्ट वाटते. त्यामुळे जगात काळा, गोरा, पिवळा असे वंश निसर्गानेच निर्माण केले आणि माणसाने त्यावर नंतर द्वेषाचे कलम केले, अशी आपली नकळत समजूत होते. व्हर्जिनियाच्या दप्तरात क्रम उलटा दिसतो, असे माझे म्हणणे आहे.

ऑगस्ट १६१९ मध्ये ‘व्हाइट लायन’ नावाचे इंग्रजी लुटारू जहाज पॉइंट कम्फर्ट येथे लागले. पोर्तुगीज जहाजावरून पळवलेली, अंगोलाकडून आणलेली वीसहून थोडी अधिक आफ्रिकी माणसे त्यावर होती आणि धान्याच्या मोबदल्यात ती वसाहतीत उतरवली गेली. त्या वेळी तंबाखूच्या शेतात राबणारे बहुसंख्य मजूर इंग्लंडमधून आलेले गरीब लोक होते. समुद्रप्रवासाच्या खर्चापोटी ते चार ते सात वर्षांच्या कराराने बांधलेले असत. आपल्याकडच्या गिरमिटाशी त्याचे बरेच साम्य आहे. या मजुरांना फटके बसत, त्यांचा करार दुसऱ्याला विकता येई आणि अनेक जण मुदत संपण्याआधीच मरत. आफ्रिकेतून आलेल्यांची स्थिती याहून वाईट होती, परंतु त्यांचे कायदेशीर स्थान अजून पक्के झालेले नव्हते. १६२१ मध्ये आलेला अँथनी जॉन्सन पुढे स्वतंत्र झाला, त्याने लग्न केले आणि १६५१ मध्ये त्याच्या नावावर अडीचशे एकर जमीन झाली. आपल्या नोकरावरील हक्कासाठी तो न्यायालयात गेला आणि जिंकलाही. (तो नोकरही कृष्णवर्णीयच होता, हे सांगितले नाही तर चित्र खोटे होईल.)

आता १६४० मधील एक निकाल पाहा. ह्यू ग्विन या मालकाकडून तीन नोकर पळाले आणि मेरीलँडमध्ये पकडले गेले. एक डच होता, दुसरा स्कॉटिश आणि तिसरा जॉन पंच नावाचा आफ्रिकी. तिघांनाही तीस तीस फटके मारण्यात आले. पहिल्या दोघांची चाकरी चार वर्षांनी वाढली, एक वर्ष मालकाची आणि तीन वर्षे वसाहतीची. जॉन पंच याने मात्र जन्मभर चाकरी करावी असा हुकूम झाला. गुन्हा एक, पळून जाण्याची वाट एक, फटकेही सारखेच. शिक्षेतल्या फरकाला तो निग्रो आहे एवढेच कारण नोंदलेले आहे. न्यायाधीशांच्या मनात द्वेष होता की नव्हता, हे त्या कागदावरून कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. ज्याच्या बाजूने विलायतेत बोलणारे कोणी नव्हते आणि ज्याला जन्मभर राबवले तर पुढच्या मजुरांची आवक अडणार नव्हती, असा त्या तिघांत तो एकटाच होता.

पुढची कहाणी एलिझाबेथ की या स्त्रीची आहे. तिचे वडील इंग्रज, आई आफ्रिकी आणि तिचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला. ठरलेली मुदत उलटून गेल्यावरही तिला सोडले नाही, तेव्हा तिने दावा केला. इंग्रजी कायद्याप्रमाणे मूल बापाच्या दर्जाचे असते आणि आपण ख्रिस्ती आहोत, हे तिचे मुख्य आधार होते. १६५६ मध्ये ती जिंकली. त्यानंतर वसाहतीच्या विधिमंडळाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १६६२ मध्ये कायदा झाला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. १६६७ मध्ये दुसरा कायदा झाला की बाप्तिस्म्यामुळे गुलामी संपत नाही. एलिझाबेथ ज्या दोन दारांतून बाहेर पडली ती दोन्ही पाच वर्षांच्या अंतराने बंद करण्यात आली. पहिल्या कायद्याचा आणखी एक परिणाम असा झाला की मालकाने गुलाम स्त्रीवर बळजबरी केली तरी तिचे मूल त्याच्याच मालमत्तेत भर घालू लागले. बापाचे नाव चालवणाऱ्या समाजाने एवढ्या एका प्रकरणात आईची वंशावळ मान्य केली, ती कशासाठी, हे वेगळे सांगायला नको.

१६७६ मध्ये वसाहतीच्या गव्हर्नरविरुद्ध नॅथॅनिएल बेकन याचे बंड झाले. बंडखोरांनी जेम्सटाउन जाळले. करारबद्ध गोरे आणि गुलाम काळे एकाच फौजेत शस्त्र घेऊन उभे होते आणि अखेरीस शरण येण्यास नकार देणाऱ्या शेवटच्या तुकडीत ८० कृष्णवर्णीय व २० इंग्रज होते. त्यानंतर वसाहतीच्या कायद्यांची भाषा बदलते. पूर्वी ‘ख्रिस्ती’ किंवा ‘इंग्रज’ असे लिहिले जाई. १६९१ च्या कायद्यात ‘गोरा पुरुष किंवा स्त्री’ असे शब्द येतात आणि त्या गोऱ्याने काळ्या, मिश्र किंवा मूळनिवासी व्यक्तीशी लग्न केल्यास त्याला वसाहतीतून कायमचे हद्दपार करण्याची शिक्षा ठरते. १७०५ च्या संहितेत दोन बाजूंची वाटणी पूर्ण होते. करार संपलेल्या गोऱ्या पुरुषाला १० बुशेल मका, ३० शिलिंग आणि एक बंदूक द्यावी. गोऱ्या ख्रिस्ती नोकराला न्यायाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय उघड्या अंगावर फटके मारू नयेत. गुलामांची गुरे, घोडे व डुकरे मात्र जप्त करून विकावीत आणि ते पैसे त्या भागातल्या गरिबांना वाटावेत. आदल्या पिढीत काळ्या सोबत्याच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या गरीब गोऱ्याच्या हाती त्याच सोबत्याच्या गाईचे पैसे ठेवण्यात आले. गोरेपणा म्हणजे काय, हे त्याला मक्याच्या मापात आणि बंदुकीच्या वजनात समजले असणार.

म्हणून माझे म्हणणे असे की वर्णद्वेष ही प्रथम मनोवृत्ती नसून श्रमाची, जमिनीची आणि अधिकाराची व्यवस्था आहे. ती टिकवण्यासाठी वंश ही कल्पना घडवली गेली आणि द्वेष त्या व्यवस्थेत वाढलेल्या पिढ्यांच्या अंगी मुरला. यावर सदस्यांचे मत वाचायला आवडेल.


साधा प्रश्न

लेख मन लावून वाचला. परंतु एक शंका मनातून जात नाही. आपला आणि परका हा भेद माणसात आदिम आहे. गोऱ्या रंगाचे आकर्षण आणि काळ्या रंगाची हेटाळणी आपल्याकडे इंग्रज येण्याआधीपासून होती, हे संतवाङ्मयापासून लग्नाच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे दिसते. गुलामीही जगभर होती. असे असताना सतराव्या शतकातल्या एका वसाहतीतल्या चार कायद्यांना वंशाचे जन्मस्थान मानणे म्हणजे झाडाच्या एका फांदीला मूळ म्हणण्यासारखे होत नाही का?


दौलताबादकर

साधा प्रश्न यांच्या शंकेला मी आमच्या मराठवाड्यातून उत्तर देऊ पाहतो, कारण या चर्चेला अगदी समकालीन असे उदाहरण आमच्या दाराशी आहे. १६१९ मध्ये ती वीसेक माणसे व्हर्जिनियात उतरवली जात होती, त्याच वर्षी अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्व कारभार मलिक अंबरच्या हातात होता. अंबर हा इथिओपियात जन्मलेला हबशी. लहानपणी विकला गेला, बाजारातून बाजारात फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी राहिला. हा चंगेजखानही हबशी आणि पूर्वाश्रमीचा गुलामच होता. धनी वारल्यावर अंबर स्वतंत्र झाला, त्याने स्वतःची फौज उभी केली, मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले, जमिनीच्या महसुलाची पद्धत लावून दिली, खडकी शहर वसवले आणि तेथे नहरीने पाणी आणले. मराठे सरदार त्याच्या बाजूने लढले; १६२४ मधील भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या सैन्यात होते. १६२६ मध्ये तो वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे.

आता रंगावरून हेटाळणी नव्हती का? होती. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात अंबरचा उल्लेख काळा म्हणून शिव्या घालतच केलेला आहे आणि अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बाण मारतानाचे स्वतःचे चित्रही काढून घेतले आहे, जे प्रत्यक्षात त्याला कधी साधले नाही. तरीही त्या शिव्यांच्या मागे असा कोणताही कायदा नव्हता की हबशाने जमीन धरू नये, शस्त्र बाळगू नये, दिवाण होऊ नये आणि त्याच्या पोरांनी जन्मतः गुलामच राहावे. तिरस्कार होता, गुलामी होती, रंगाची जाणीवही होती. पण या तिन्हींना जोडणारी, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी कायद्याची साखळी नव्हती. काठावरची यांनी सांगितलेल्या १६६२ च्या कायद्यासारखी साखळी दख्खनेत असती, तर चंगेजखान पेशवा झाला नसता आणि अंबरही झाला नसता. म्हणून मला आदिम परकेपणा आणि वंश या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक वाटते.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. बेकनच्या बंडावर आपण जरा जास्तच भार दिला आहे असे वाटते. जॉन पंचचा निकाल १६४० चा, आईवरून गुलामी ठरवणारा कायदा १६६२ चा, म्हणजे बंडाआधीच वाट आखली जात होती. शिवाय बार्बाडोस बेटावरील उसाच्या मळेवाल्यांनी १६६१ मध्येच गुलामांसाठी स्वतंत्र संहिता केली होती.


काठावरची

दौलताबादकर, आपली दुरुस्ती योग्य आहे आणि मी ती स्वीकारते. १६७१ मध्ये गव्हर्नर बर्कली याने लंडनला पाठवलेल्या उत्तरात वसाहतीतील लोकसंख्या सुमारे ४०,००० सांगितली आहे, त्यांत २,००० काळे गुलाम आणि ६,००० ख्रिस्ती नोकर होते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ही तुलना उलटली. इंग्लंडमध्ये मजुरी वाढू लागल्याने येणारे करारबद्ध मजूर घटले; १६७२ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी १६९८ मध्ये उठली आणि गुलामांचा व्यापार इतर व्यापाऱ्यांनाही खुला झाला. बंडाने मळेवाल्यांच्या मनात धास्ती बसवली, परंतु बंडाशिवायही हिशेब त्याच दिशेने चालला होता. आणखी एक गोष्ट मी पहिल्या लेखात लिहायला हवी होती. बेकनचे बंड सुरू झाले तेच मुळी मूळनिवासी लोकांच्या जमिनी बळकावण्यासाठी. मित्र असलेल्या जमातींचीही त्याच्या माणसांनी कत्तल केली. त्यामुळे त्या बंडाला काळ्या-गोऱ्यांच्या बंधुभावाचे सोनेरी पान म्हणून कोणी वाचू नये.

अँथनी जॉन्सनचे पुढे काय झाले तेही सांगायचे राहिले. तो मेरीलँडला गेला आणि तेथेच वारला. १६७० मध्ये व्हर्जिनियातल्या पंचांनी ठरवले की तो निग्रो आणि म्हणून परका होता, सबब त्याची मागे राहिलेली जमीन सरकारजमा व्हावी. चाळीसहून अधिक वर्षे ज्या मातीत तो राबला तिथे तो मेल्यानंतर परका ठरला.

१७२३ मध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला गेला. लंडनमधील एका कायदेपंडिताने विचारले की स्वतंत्र माणसाला केवळ रंगावरून वाईट वागणूक का द्यावी? त्यावर गव्हर्नर गूच याने १७३६ मध्ये दिलेले उत्तर उपलब्ध आहे. स्वतंत्र काळ्यांवर कायमचा डाग ठेवणे हाच उद्देश असल्याचे तो स्वच्छ सांगतो; त्यांच्या संततीत आणि इंग्रजांच्या संततीत अंतर असले पाहिजे हे त्यांना उमगले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद आहे. जे अंतर निसर्गानेच ठेवले असते, ते उमगावे म्हणून कायदा करावा लागला नसता.


वैनगंगा

मी गडचिरोली जिल्ह्यात काही वर्षे वैद्यकीय सेवा केलेली असल्याने या चर्चेत वेगळ्या बाजूने भर घालतो. अमेरिकेत सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार दीर्घकाळ ‘काळ्यांचा आजार’ म्हणून ओळखला गेला. माझ्या बाह्यरुग्ण विभागात सांधेदुखीने कण्हत येणारी मुले मात्र माडिया आणि गोंड होती. विदर्भातील अनुसूचित जातींतही हा आजार बराच आढळतो आणि सातपुड्यातल्या भिल्ल व पावरा समाजांतही. ग्रीस, सिसिली आणि पूर्व अरबस्तानातही तो आहे, तर दक्षिण आफ्रिकेतील खोसा लोकांत जवळजवळ नाही. याचे कारण मलेरिया आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक आले तर मलेरियापासून काही संरक्षण मिळते, त्यामुळे जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता तिथे हे जनुक टिकले. दोघांकडून आले तर आजार होतो. भारत-अरब पट्ट्यातील हा बदल आफ्रिकेतील बदलापेक्षा स्वतंत्रपणे घडलेला मानला जातो. म्हणजे ज्या गुणाला लोक वंशाची खूण समजत होते, ती डासांच्या भूगोलाची खूण निघाली. त्वचेच्या रंगाचेही तसेच. तो मुख्यतः अतिनील किरणांच्या तीव्रतेशी निगडित आहे आणि तामिळनाडूतला माणूस, पश्चिम आफ्रिकेतला माणूस व पॅसिफिक महासागरातील मेलानेशिया बेटांवरचा माणूस हे रंगाने एकमेकांच्या जवळ असले तरी नात्याने फार दूरचे असू शकतात.

रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवले की मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते आणि तथाकथित वंशांमधली तफावत सहा-सात टक्क्यांच्या घरात भरते. लोकसमूहांत फरक असतात, हे मी नाकारत नाही. रक्तपेढीत काम करणारा कोणीही ते नाकारणार नाही. मात्र ते फरक उताराच्या जमिनीसारखे हळूहळू बदलत जातात, त्यांना मध्येच बांध नसतो. बांध आपण घालतो.

वर्णद्वेषाला द्वेषाची गरज नसते, हे काठावरची यांचे म्हणणे वैद्यकातल्या एका उदाहरणाने मला पूर्ण पटले. मूत्रपिंडाचे कार्य रक्ततपासणीवरून काढण्याची जी सूत्रे अमेरिकेत वर्षानुवर्षे वापरली गेली, त्यांत रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर वाढवून धरण्याचा गुणक होता. काही अभ्यासांत त्यांच्या रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकते तो टाकाऊ घटक) सरासरीने जास्त आढळले होते, त्यावरून तो ठरवला गेला. परिणामी त्याच क्रिएटिनिनच्या दोन रुग्णांपैकी काळ्या रुग्णाचे मूत्रपिंड कागदावर अधिक चांगले दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचे नाव लागायला उशीर होई. सूत्र लिहिणाऱ्यांच्या मनात कोणाविषयीही वाईट भाव असण्याचे कारण नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्थांनी तो गुणक काढून टाकण्याची शिफारस केली. तोपर्यंत किती तरी रुग्णांचा वेळ निघून गेला होता आणि ज्यांचा गेला त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, हे मला डॉक्टर म्हणून फार लागते.


पायवाट

चर्चा उत्तम चालली आहे, पण मराठीत हा विषय जातीला वळसा घालून पूर्ण होणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले, हे सर्वांना माहीत आहे. अमेरिकेत गुलामी संपल्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. पुण्यात बसून त्यांना दोन दूरच्या दुःखांतले साम्य दिसले.

मात्र साम्य आणि एकरूपता यांत फरक आहे, आणि तो फरक सर्वांत काटेकोरपणे बाबासाहेबांनी मांडला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हे नाकाची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण मोजून जातींची उतरंड लावत होते. जितके नाक रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत होता. लोकांची नाके मोजून राज्यकारभार चालवला गेला, हे आज वाचतानाही अंगावर काटा येतो. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरसाठी लिहिलेल्या, परंतु होऊ न शकलेल्या भाषणात स्पष्ट म्हटले की जातिव्यवस्था वंशांची विभागणी करत नाही, ती एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वांशिक फरक काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांचीच आकडेवारी घेऊन वांशिक उपपत्ती खोडून काढली. आणि तरीही १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवल्या जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली, कारण दोन्ही समाजांच्या स्थितीत त्यांना फार साम्य दिसत होते. रक्ताचा सिद्धांत त्यांनी नाकारला आणि अन्यायाचे नाते मात्र ओळखले.

२००१ मध्ये डरबन येथील वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न आणावा असा दलित संघटनांचा आग्रह होता आणि जात म्हणजे वंश नव्हे, असे म्हणून भारत सरकारने त्याला विरोध केला. मला त्या वेळी सरकारचा युक्तिवाद ऐकून फार त्रास झाला होता, कारण त्यात बाबासाहेबांचे अर्धेच वाक्य वापरलेले होते. काठावरची यांचा लेख वाचल्यावर त्यातली मेख नीट दिसली. वंश हीसुद्धा जर समाजाने आणि कायद्याने घडवलेलीच गोष्ट असेल, तर जात ‘खरा वंश’ नाही म्हणून ती बाजूला ठेवण्याला काही आधारच उरत नाही.

इरावतीबाई कर्वे यांचाही उल्लेख येथे करतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. फिशर यांच्या वंशशुद्धीच्या कल्पना पुढे नाझी राजवटीने उचलून धरल्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशाशी निगडित आहे का, हा इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता आणि तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्याच गुरूपुढे ठेवला. पुढे महाराष्ट्रात त्यांनी स्वतःही निरनिराळ्या जातींच्या शरीरांची मापे घेतली, हेही खरे आहे. पण बर्लिनमध्ये, त्या काळी, वसाहतीतून आलेल्या एका तरुण स्त्रीने आपली मापे जे सांगतात तेच लिहिले, याचे मला मोल वाटते.


साधा प्रश्न

सर्वांनी फार आस्थेने उत्तरे दिली त्याबद्दल आभारी आहे. मलिक अंबरच्या उदाहरणाने माझा बराच भ्रम दूर झाला. आता उरलेला प्रश्न विचारतो. वंश निसर्गात नसेल, तर अमेरिकन जनगणनेत आजही त्याचा रकाना का? खोटी गोष्ट मोजत राहिल्याने ती खरी होत जात नाही का? आणि त्या रकान्यात आपण भारतीय कुठे बसतो?


काठावरची

पहिल्या प्रश्नासाठी मी सातबाऱ्याचे उदाहरण देते. जमिनीची माती तपासली तर तिच्यात मालकाचे नाव सापडत नाही. पण उताऱ्यावर नाव कोणाचे आहे यावर तीन पिढ्यांचे जगणे ठरते आणि एखाद्याचे नाव लबाडीने कमी केले असेल, तर ते शोधण्यासाठी तोच उतारा काढावा लागतो. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले तेव्हा रिचमंडमधील जॅक्सन वॉर्ड हा कृष्णवर्णीयांचा समृद्ध भाग लाल रंगात दाखवला गेला. याच भागात मॅगी वॉकर या स्त्रीने १९०३ मध्ये बँक स्थापन केली होती. सरकारी हमीचे गृहकर्ज अशा लाल भागांना मिळेनासे झाले आणि १९५० च्या दशकात याच वस्तीच्या मधून महामार्ग काढला गेला. आज त्या पुलाखालून जाताना दोन्ही बाजूंना तुटलेले रस्ते दिसतात. तिथल्या नातवंडांकडे घर का नाही, याचे उत्तर त्यांच्या जनुकांत सापडणार नाही. ते त्या नकाशात सापडते, आणि रकाना काढून टाकला तर नुकसान राहील, फक्त त्याचा पुरावा जाईल. मोजल्याने कल्पना घट्ट होते, ही आपली भीती मला निराधार वाटत नाही. तरीही भरपाईचा हिशेब होईपर्यंत वही फाडू नये असे माझे मत आहे.

आपण कुठे बसतो, याचे उत्तर वेळोवेळी बदललेले आहे. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व ‘स्वतंत्र गोऱ्या’ व्यक्तीलाच मिळू शके. मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये न्यायालयाने गोरे मानले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात होते. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, आर्य म्हणजेच कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रात युरोपीय लोक ज्यात मोडत तो वंश) आणि कॉकेशियन म्हणजे गोरे, अशी त्यांची मांडणी होती. जातीची उतरंड पुढे करून वंशाच्या उतरंडीत वरची पायरी मागण्याचा तो प्रयत्न वाचताना मला लाज वाटते, आणि त्यांच्यावर ती वेळ आणणाऱ्या कायद्याचा संतापही येतो. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, एका जपानी अर्जदाराच्या खटल्यात, याच न्यायालयाने गोरा म्हणजे कॉकेशियन असे सांगून त्याला नाकारले होते. थिंड यांना तेच न्यायमूर्ती सदरलँड म्हणाले की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्यानंतर अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेतले गेले. वैष्णोदास बगाई यांचे घर आणि व्यवसाय गेला आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग पुन्हा खुला झाला तो १९४६ मध्ये. जनगणनेत १९२० ते १९४० या काळात ‘हिंदू’ हा एक वंश होता आणि त्यात शीख व मुसलमानही मोजले जात; १९७० मध्ये आपण गोरे होतो; १९८० पासून ‘एशियन इंडियन’ झालो. या साठ वर्षांत आपल्या शरीरात काहीही बदललेले नव्हते.


पायवाट

१६९१ चा आंतरवर्णीय विवाहबंदीचा जो कायदा आपण सांगितला, तो व्हर्जिनियात कधी रद्द झाला?


काठावरची

त्याचे रूप बदलत गेले, पण तो टिकून राहिला. दरम्यान काळा कोणाला म्हणायचे याची व्याख्याही सरकत होती. १७८५ च्या कायद्याने चौथा हिस्सा रक्त पुरेसे होते, १९१० मध्ये सोळावा हिस्सा झाला आणि १९२४ मध्ये एक थेंबही चालेना. त्यातही मूळनिवासी रक्ताच्या सोळाव्या हिश्शापर्यंत सूट ठेवावी लागली, कारण येथली काही प्रतिष्ठित गोरी घराणी आपण पोकाहोंटस या सतराव्या शतकातल्या मूळनिवासी सरदारकन्येचे वंशज असल्याचे अभिमानाने सांगत.

१९५८ च्या जून महिन्यात रिचर्ड लव्हिंग या गोऱ्या पुरुषाने आणि मिल्ड्रेड या काळ्या-मूळनिवासी वंशाच्या स्त्रीने वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले आणि ते आपल्या कॅरोलाइन काउंटीतल्या गावी परतले. पुढच्याच महिन्यात रात्री घरात शिरून पोलिसांनी त्यांना पकडले. १९५९ मध्ये न्यायाधीशाने एक वर्षाची कैद सुनावली आणि दोघांनी व्हर्जिनिया सोडून पंचवीस वर्षे एकत्र परतू नये या अटीवर ती स्थगित केली. १६९१ मध्येही शिक्षा हद्दपारीचीच होती. ईश्वराने निरनिराळे वंश निरनिराळ्या खंडांवर ठेवले, त्याअर्थी त्यांची सरमिसळ त्याला नको होती, असे त्या न्यायाधीशाने लिहिले. आफ्रिकेतल्या माणसांना या खंडावर कोणी आणले, हा प्रश्न त्याला पडला नाही. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही बंदी रद्द केली.

विवाहाच्या अर्जावर वंश लिहिण्याची सक्ती मात्र त्यानंतरही चालू राहिली. आमचे लग्न येथे नोंदवले तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी तो रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही असे सांगितले होते. २०१९ मध्ये तीन जोडप्यांनी या सक्तीविरुद्ध दावा केला, तेव्हा एका काउंटीची दोनशेहून अधिक ‘वंशां’ची यादी न्यायालयापुढे आली आणि तीत ‘आर्यन’ हाही वंश होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही सक्ती घटनाबाह्य ठरली. आमच्या अर्जाची जुनी प्रत कपाटात आहे. तिच्यावर त्या रकान्यात मी ‘मानव’ असे लिहिले होते, आणि ते खोडून शेजारी दुसऱ्या शाईने ‘एशियन’ लिहिलेले आहे.